काटाघरातला डबा

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काटाघरात, भिंतीला ठोकलेल्या फळीवर, करड्या रंगाचा पत्र्याचा एक डबा होता. माहितीपत्रकात त्याचं नाव 'नेटवर्क कम्युनिकेशन सर्व्हर' असं भारदस्त छापलेलं. आम्ही इंजिनिअर मंडळी त्याला टर्मिनल सर्व्हर म्हणायचो. काटाघरातले लोक मात्र पहिल्या दिवसापासून 'डबा' म्हणायला लागले आणि हळूहळू मीही तेच म्हणू लागलो. १९९६ च्या ऑक्टोबरात, गव्हाणीत मोळी पडायच्या, म्हणजे ऊस गाळायला सुरुवात व्हायच्या आठवडाभर आधी, तो मीच तिथं बसवला होता. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. कारखान्यांना युनिक्स मशीन (युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली), टर्मिनलं (नुसता पडदा आणि कीबोर्ड), प्रिंटर पुरवायचे आणि हंगामभर त्यांच्यामागे धावायचं, हे आमचं काम.

डबा कशासाठी, तर अंतरासाठी. मुख्य संगणक ऑफिसच्या इमारतीत, एसी खोलीत. वजनकाटा गाडीतळाच्या तोंडाशी, तिथून सव्वाशे-दीडशे मीटरवर. टर्मिनलची सिरीयल केबल पंधराएक मीटरच्या पुढे नेली की अक्षरं बिघडायला लागतात. तीन काट्यांची टर्मिनलं, पावत्यांचे प्रिंटर, शेती खात्याच्या खिडकीतलं टर्मिनल, या सगळ्यांसाठी एवढ्या लांब वेगवेगळ्या तारा ओढणं म्हणजे वेडेपणा. त्याऐवजी टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी एकच इथरनेटची तार काट्यापर्यंत न्यायची (तिची हद्द १८५ मीटर, त्यामुळे आम्ही बसत होतो), तिथं डबा लावायचा आणि डब्याच्या पाठीवरच्या सोळा पोर्टांत जवळची टर्मिनलं खोचायची. टर्मिनलवर दाबलेलं अक्षर डबा पाकिटात घालून संगणकाकडे पाठवतो, आलेलं उत्तर उलगडून टर्मिनलवर टाकतो. हमालीच म्हणा.

आता या हमालाला स्वतःची डिस्क नव्हती. आत एक छोटी रॉम (कायमची कोरलेली मेमरी), थोडी रॅम (वीज असेपर्यंतचीच मेमरी) आणि बस्स. वीज गेली की सगळं विसरायचा. आपण कोण, आपला पत्ता काय, काम काय, कुठल्या पोर्टावर कोण बसलंय, यातलं काहीही त्याला आठवत नसे. वीज आली की दर वेळी हे सगळं तो संगणकाला विचारून घेई. ऑक्टोबरात ते मी दोनतीनदा करून पाहिलं होतं, मिनिटाभरात उठला होता, म्हणून मी त्याकडे परत लक्ष दिलं नाही. त्यानंतर डबा एकदाही बंद झाला नव्हता. छोट्या यूपीएसवर तीन महिने अखंड चालू.

जानेवारीत मला परत बोलावलं ते दुसरा डबा बसवायला. शेती खात्याला आणखी टर्मिनलं हवी होती. दुपारी मी संगणकावर बसून नव्या डब्याची नोंद केली. ती ज्या फाइलीत करायची तिचं नाव बूटपीटॅब. ही फाइल म्हणजे एका अर्थानं जन्मनोंदीचं रजिस्टर. प्रत्येक डब्याच्या इथरनेट कार्डाला ते बनवतानाच एक बारा अक्षरांचा क्रमांक मिळालेला असतो, त्यातली पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची. त्या क्रमांकासमोर आपण लिहायचं, की याला अमुक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, तमुक सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते दाखवणारा आकडा) सांगा आणि अमुक नावाची फाइल उचलायला सांगा. एका डब्याची नोंद म्हणजे एकच लांबलचक ओळ, मध्ये अपूर्णविरामाची टिंबं. नवी नोंद करताना ती जुनी ओळ मला फार कुरूप वाटली. पडद्याच्या बाहेर जात होती. म्हटलं, जरा नीट मांडू, पुढच्या माणसाला वाचायला सोपी जाईल. ओळ मध्ये तोडली, तोडल्या जागी बॅकस्लॅश टाकला, म्हणजे 'पुढची ओळ हिचीच' असा अर्थ होतो. फाइल सेव्ह केली, चहा प्यायला गेलो. नवा डबा दुसऱ्या दिवशी लावायचा होता.

त्या रात्री दोनच्या आधी कधीतरी टर्बाईन ट्रिप झालं.

कारखाना बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून स्वतःची वीज स्वतः करतो. त्यामुळे टर्बाईन बसलं की मिल बसते, गाडीतळावरचे दिवे बसतात आणि बोर्डाची लाईन जोडेपर्यंत सगळीकडे काळोख. संगणक खोलीतला मोठा यूपीएस दहा मिनिटं टिकला, काटाघरातला छोटा त्याच्याही आधी गेला. बॅटऱ्या बदलायच्या आहेत असं मी आदल्या महिन्यात लेखी कळवलं होतं, पण ते असो.

मला गेस्ट हाऊसच्या वॉचमननं उठवलं तेव्हा अडीच वाजले होते. "काट्यावरचं समदं बंद हाय, तुमास्नी बोलिवलंय." स्वेटर चढवून बाहेर आलो. थंडी मरणाची. गाडीतळावर टायर गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती, तिच्यामागे दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर. बैल बसलेले, गाडीवान गोधड्या पांघरून पाचट पेटवून शेकत होते. तोडलेला ऊस असा उभा राहिला की वाळतो. वाळला की वजन घटतं आणि ते शेतकऱ्याच्या पावतीतून जातं. शिवाय उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडतो, तो कारखान्याच्या खिशातून. म्हणून काटा थांबला की दोन्हीकडून शिव्या.

काटा क्लार्क होते पन्नाशीचे एक गृहस्थ, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. त्यांनी हाती पावत्यांचं पुस्तक काढून काम सुरू केलं होतं. पण गाडीचं वजन दोनदा होतं. आधी भरलेली, मग गव्हाणीपाशी रिकामी करून परत आलेली. दोहोंतला फरक म्हणजे निव्वळ वजन. वीज जायच्या आधी भरलेल्या गाड्यांची वजनं संगणकात अडकली होती आणि त्या गाड्या रिकाम्या होऊन परत येऊन उभ्या होत्या. त्यांना पावती देता येईना आणि सोडताही येईना.

"ह्यो डबा मेला काय ओ?" आण्णांनी विचारलं.

"मेला नाही, उठतोय."

"तासभर उठतोयच की मग. आमचं पोरगं बी येवढा येळ लावत न्हाई."

डब्याच्या तोंडावरचा पॉवरचा दिवा हिरवा होता. दुसरा दिवा थांबून थांबून एकदा लुकलुकायचा, मग बराच वेळ काही नाही, मग परत एकदा. हा लुकलुकण्याचा ताल मला ओळखीचा होता. डबा ओरडत होता आणि कुणी ओ देत नव्हतं.

हे ओरडणं कसं असतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डबा चालू झाला की पहिल्यांदा रॉममधला प्रोग्राम स्वतःची तपासणी करतो. रॅममध्ये लिहून वाचून बघतो, सिरीयल चिपांना स्वतःशीच बोलायला लावतो. सगळं ठीक असलं की तो नेटवर्कवर एक हाक सोडतो. ही हाक बूटपी नावाच्या पद्धतीची. तिचा मसुदा १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर या दोघांनी लिहिला. तीनशे बाइटचं एक ठरलेलं पाकीट असतं, त्यात 'माझा इथरनेट क्रमांक हा, माझा पत्ता मला माहीत नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा' एवढाच मजकूर. कुणाला पाठवायचं तेही माहीत नसल्यामुळे पत्ता २५५ हा आकडा चार वेळा, म्हणजे सगळ्यांना. त्या पाकिटात एक रकाना मला फार आवडतो. चालू झाल्यापासून आपण किती सेकंद हाका मारतोय ते डबा त्यात लिहितो. रांगेत उभ्या माणसानं खिडकीवर म्हणावं ना, "अहो, मी मघापासून उभा आहे," तसं.

उत्तर आलं नाही तर तो पुन्हा हाक मारतो, पण दर वेळी आधीपेक्षा दुप्पट थांबून. चारेक सेकंदांपासून सुरू होतं आणि मिनिटाच्या आसपास गेलं की तिथंच राहतं. त्यात थोडा अंदाजपंचे कमीजास्तपणाही मुद्दाम घातलेला असतो, नाहीतर गेलेली वीज आल्यावर साऱ्या इमारतीतली यंत्रं एका सुरात ओरडतील. आमच्याकडे ओरडणारा एकटाच होता.

सुरुवातीचा वेळ का गेला ते मला कळत होतं. वीज एकदमच आली. डबा काही सेकंदांत उठून हाका मारू लागला, पण ज्यानं ओ द्यायची तो संगणक स्वतःच दाणकन पडला होता. नीट बंद न झालेल्या युनिक्सला आधी डिस्क तपासावी लागते. फाइलींचे दुवे जुळवत बसतो, वीस मिनिटं तर सहज जातात. पण ते एव्हाना संपलं होतं. मी इंटरकॉमवर रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारलं. म्हणाला, "सर, मशीन वर आलंय, माझं टर्मिनल चाललंय, लॉगिन होतंय."

मग पहिला संशय तारेवर. ही पातळ इथरनेट तार म्हणजे नाजूक प्रकरण. दोन्ही टोकांना पन्नास ओहमची टोपी हवी आणि एक टोपी निघाली की सगळी तार बंद. अंधारात कुणाचा तरी पाय अडकून निघाली असणार असं मला वाटलं. मल्टीमीटर घेऊन डब्यापाशी मधली तार आणि जाळी यांच्यात मोजलं. पंचवीस ओहम. दोन पन्नास समांतर जोडले की पंचवीसच यायला हवेत. तार ठीक होती. सव्वाशे मीटरवर न जाता मीटरच्या एका काट्यानं दोन्ही टोकांची खबर मिळते, हे मला आजही जादूसारखं वाटतं.

मग डब्याला बोलतं करायचं ठरवलं. त्याच्या पाठीवर एक कन्सोल पोर्ट असतो, एरवी त्याला कुणी विचारत नाही. आण्णांच्या दुसऱ्या काट्याचं टर्मिनल उपटून त्यात खोचलं, वेग ९६००, आणि डबा बंद करून चालू केला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. तपासणी ठीक. मेमरी ठीक. इथरनेट क्रमांक दाखवला. आणि पुढची ओळ बघून मी चमकलो. आयपी पत्ता मिळाला होता. बरोबर, मीच ठरवलेला. म्हणजे संगणक ओ देत होता. त्याच्या पुढची ओळ होती, 'फाइल नॉट फाउंड'. मग थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मघापासून लुकलुकत होतं ते नुसतं ओरडणं नव्हतं. विचारणं, उत्तर मिळणं, धाव घेणं आणि तोंडावर पडणं, असा पूर्ण फेरा चालला होता.

इथं जरा थांबतो. ज्याला स्वतःचा पत्ता माहीत नाही त्याला उत्तर पोचतं कसं, असा प्रश्न मला शिकताना पडला होता. नेहमीच्या पद्धतीत संगणक आधी विचारतो की हा आयपी पत्ता कुणाचा, आणि ज्याचा असेल तो 'माझा' म्हणतो. पण डब्याला आपलं नावच माहीत नाही, तर तो हाकेला ओ कशी देणार? बारसं व्हायच्या आधी पाळण्यातल्या पोराला नावानं हाक मारण्यासारखं आहे ते. म्हणून उत्तर देणारा प्रोग्राम एक युक्ती करतो. डब्याचा इथरनेट क्रमांक आणि त्याला द्यायचा पत्ता यांची जोडी संगणकाच्या तक्त्यात परभारे स्वतःच लिहून टाकतो आणि मग पाकीट पाठवतो. विचारपूस नाहीच. काही ठिकाणी उत्तरही सरळ सगळ्यांना ओरडून देतात, ज्याचं असेल तो घेईल.

बरं, पत्ता मिळाला, फाइल मिळाली नाही. मी संगणक खोलीकडे पळालो. ऑपरेटर बिचारा टेबलावर हात ठेवून शाळेतल्यासारखा उभा. फाइल असते ती टीएफटीपीबूट नावाच्या डिरेक्टरीत. बघितलं तर होती, सहाशे केबीची, तारीख ऑक्टोबरची. दुसरा संशय परवानगीवर. टीएफटीपी म्हणजे डबा ज्या पद्धतीनं फाइल उतरवून घेतो ती, तिला नाव-पासवर्ड काही नसतं. दारावर कुणी उभा नाही, म्हणून ते एकाच डिरेक्टरीत कोंडून ठेवतात आणि तिथली जी फाइल सगळ्यांना वाचायला खुली असेल तेवढीच देतात. परवानग्याही बरोबर होत्या. मग 'सापडत नाही' म्हणजे काय?

परत काटाघराकडे. जाता-येता एका गाडीवानानं विचारलं, "सायेब, पोचत्यात का आज आमच्या गाड्या?" मी मान हलवली, होकाराची की नकाराची ते मलाही माहीत नव्हतं.

या वेळी कन्सोलवर मी घाई न करता वाचलं. डबा जी फाइल मागत होता तिचं नाव आमच्या फाइलीचं नव्हतंच. ते नाव होतं रॉममध्ये भाजलेलं, कंपनीचं ठरीव नाव. बूटपीच्या उत्तरात फाइलीचं नाव आलं नाही तर डबा त्या ठरीव नावावर जातो. म्हणजे संगणकानं पत्ता सांगितला होता, पण काय उचलायचं ते सांगितलं नव्हतं. आईनं पोराला दुकानाचा रस्ता सांगितला आणि काय आणायचं ते सांगितलंच नाही. पोरगं आपल्या मनानं काहीतरी मागतंय आणि दुकानदार म्हणतोय आमच्याकडे नाही.

आता पोटात गोळा आला. कारण काय उचलायचं ते बूटपीटॅबमध्ये असतं आणि त्या फाइलीला दुपारी हात कुणी लावला होता?

पुन्हा संगणक खोली. फाइल उघडली. जुन्या डब्याची नोंद, दोन सुबक ओळींत. पहिल्या ओळीत इथरनेट क्रमांक आणि आयपी, शेवटी बॅकस्लॅश. दुसऱ्या ओळीत मास्क आणि फाइलीचं नाव. सगळं जागच्या जागी. मी दहा मिनिटं त्या दोन ओळींकडे बघत होतो. अक्षर अन् अक्षर तपासलं, फाइलीचं नाव डिरेक्टरीतल्या नावाशी बोट ठेवून ताडून पाहिलं. काही चूक नाही. ऑपरेटर म्हणाला, "सर, चहा आणू?" मी म्हटलं, आण.

चहा येईपर्यंत सहज म्हणून व्हीआय या फाइल लिहायच्या प्रोग्राममध्ये 'सेट लिस्ट' दिलं. त्यानं प्रत्येक ओळ जिथं खरोखर संपते तिथं डॉलरचं चिन्ह उमटतं. आणि दिसलं. पहिल्या ओळीच्या बॅकस्लॅशला डॉलर चिकटलेला नव्हता. मध्ये एक जागा सुटली होती. एक स्पेस. डोळ्याला न दिसणारी, दुपारी माझ्याच अंगठ्याखालून निसटलेली. बॅकस्लॅशचा अर्थ 'पुढची ओळ हिचीच' असा लागतो तो त्याच्या लगेच पुढे ओळ संपली तर. मध्ये स्पेस आली की बॅकस्लॅश त्या स्पेसला लागू झाला आणि नोंद तिथंच संपली. पत्ता पहिल्या ओळीत होता, तो मिळाला. फाइलीचं नाव दुसऱ्या ओळीत, ते बेवारस. प्रोग्रामनं लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, तशी तक्रारही लिहून ठेवली होती, रात्री दोनच्या सुमाराची. लॉग मी सगळ्यात शेवटी पाहिला. तो आधी पाहायचा असतो, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो होतो.

स्पेस खोडली. सेव्ह केलं. हा प्रोग्राम दर हाकेला फाइल बदलली का ते बघतो, त्यामुळे पुन्हा चालू करायची भानगड नव्हती. इंटरकॉमवर आण्णांना म्हटलं, "डब्याकडे बघत राहा आणि काय होतं ते सांगा."

"लुकलुकला येकदा. गप झाला... आत्ता लई जोरात लुकलुकायला लागलाय. आवो, थरथरतोय नुसता!"

तो थरथराट म्हणजे फाइल उतरत होती. टीएफटीपीच्या १९८१ सालच्या मसुद्यावर कॅरन सॉलिन्स या बाईंचं नाव आहे. पद्धत इतकी साधी की ती छोट्याशा रॉममध्ये मावते. संगणक पाचशे बारा बाइटचा तुकडा पाठवतो आणि थांबतो. डबा 'एक नंबर पोचला' म्हणतो, मग दोन नंबर. पोचल्याची पावती आल्याखेरीज पुढचा तुकडा नाही. आमच्या काट्यासारखंच, गाडीमागून गाडी. सहाशे केबी म्हणजे बाराशे तुकडे, बाराशे पावत्या. आणि शेवट कसा कळतो? पाचशे बाराहून लहान तुकडा आला की संपलं. फाइलीला नेमका पाचशे बारानं भाग जात असेल तर शेवटी एक रिकामा तुकडा पाठवायचा, शून्य बाइटचा, फक्त 'झालं' म्हणायला.

आठ-दहा सेकंदांत ते आटोपलं. डब्यानं उतरवलेल्या प्रोग्रामवर उडी मारली आणि आता तो हमाल न राहता शहाणा झाला. लगेच त्यानं त्याच रस्त्यानं दुसरी, छोटी फाइल मागितली. ही कॉन्फिगरेशनची. यात मुख्य संगणकाचं नाव-पत्ता, कुठल्या पोर्टाचा वेग किती, कुठल्या पोर्टावर माणूस बसतो आणि कुठल्यावर प्रिंटर, कुठलं टर्मिनल चालू होताच आपोआप संगणकाशी जोडून द्यायचं, असं सगळं. ती वाचून झाली की पाठीवरच्या पोर्टांचे दिवे एकेक करून लागत जातात. आण्णा इंटरकॉमवर मोजत होते, "येक... दोन... ह्यो तिसरा... आलं! लॉगिन आलं!"

मी चहा संपवून सावकाश काटाघरात गेलो. पावणेचार झाले होते. आण्णांनी पहिली अडकलेली गाडी घेतली, रिकामं वजन टाकलं, एंटर. प्रिंटर कुर्रकुर्र करत चालला. पावती फाडून त्यांनी डोळ्यांजवळ धरली आणि माझ्याकडे दिली.

"निवळ कुटं हाय?"

गटाचं नाव होतं, शेतकऱ्याचं नाव अर्धं, गाडी नंबर, भरलेलं वजन. खाली जिथं निव्वळ वजन यायचं तिथं दोन आकडे आणि मग कोरं. दुसरी पावती काढली. तिच्यात वेगळ्याच ठिकाणी अक्षरं गळलेली.

हे दुखणं मला ओळखायला अर्धं मिनिटही लागलं नाही, कारण ऑक्टोबरात ते मीच बरं केलं होतं. प्रिंटरचं डोकं हळू चालतं आणि अक्षरं वेगानं येतात. प्रिंटरच्या पोटात थोडी जागा असते. ती भरत आली की तो उलट एक बाइट पाठवतो, १९ नंबरचा, म्हणजे 'थांब'. रिकामी झाली की १७ नंबरचा, म्हणजे 'सोड'. ही थांब-सोड डब्याला कळायची तर त्या पोर्टावर तशी सेटिंग हवी. नसेल तर डबा ओततच राहतो आणि जास्तीची अक्षरं जमिनीवर. ऑक्टोबरात पावत्या अशाच गळायला लागल्या तेव्हा मी चालू डब्यावर कमांड देऊन सेटिंग बदलली. पावत्या नीट आल्या. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत तेच लिहायचं राहून गेलं. उद्या लिहू म्हटलं आणि संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला गेलो. तीन महिने डबा माझ्या तोंडी सांगण्यावर चालला. वीज गेली, तो ते विसरला आणि कागदावर होतं तसंच वागायला लागला. त्याचं काय चुकलं?

आण्णांना मी हे सगळं सांगितलं नाही. तेव्हा तरी नाही. चालू डब्यावर सेटिंग परत दिली आणि या खेपेला लगेच, तिथंच उभ्यानं, ऑपरेटरला इंटरकॉमवर ओळ सांगून फाइलीतही लिहायला लावली. अक्षर अन् अक्षर, आणि शेवटी, "स्पेस नको. एंटर मार. आता सेट लिस्ट देऊन डॉलर कुठे आलाय ते मला वाचून दाखव." पोरगा हसला असणार. मला हसू आलं नाही.

पुढची पावती पूर्ण आली. अडकलेल्या गाड्या आधी सोडल्या, मग रांग हलली. हाती पावत्यांवरची वजनं संगणकात चढवायचं काम ऑपरेटरला सकाळी सात वाजेपर्यंत पुरलं.

एक गोष्ट मात्र राहिली होती. फाइल आता बरोबर आहे हे मला माहीत होतं, पण ऑक्टोबरातही मला असंच माहीत होतं. खात्री करायची तर डबा बंद करून पुन्हा उठू द्यायला हवा. साडेचारला ते बोलून दाखवलं तेव्हा आण्णांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "चालतंय न्हवं? मग का हात लावतायसा?" रांगेकडे बघून मीही गप्प बसलो.

बॅटऱ्या आठवड्याभरात आल्या. माझ्या पत्रामुळे की त्या रात्रीमुळे, ते विचारायच्या फंदात मी पडलो नाही.

बूटपी आता कुणी नावानं ओळखत नाही. १९९३ साली आलेल्या डीएचसीपीनं त्याची जागा घेतली, पण पाकिटाचा साचा तोच ठेवला आणि पोर्टांचे क्रमांकही (हे पाठीवरचे पोर्ट नव्हेत, पाकीट कुठल्या प्रोग्रामसाठी ते सांगणारे आकडे) तेच, ६७ आणि ६८. त्या साच्यात जादाच्या माहितीचा भाग सुरू होतो तिथं खूण म्हणून चार आकडे असतात, ९९, १३०, ८३, ९९. बूटपीच्या काळातले. घरातला मोबाइल वायफायला जोडला की तो आजही हेच चार आकडे घेऊन हाक मारतो, 'मी कोण?' आणि कोपऱ्यातला राऊटर त्याला ओ देतो. कधी त्याला ओ मिळायला उशीर झाला आणि पोरं वैतागली की मला पाचटीचा धूर आठवतो.

फेब्रुवारीत सफाईसाठी मिल थांबणार होती. त्या दिवसासाठी मी मुद्दाम पुण्याहून आलो. गाडीतळ रिकामा, गव्हाण धुऊन काढलेली, काटाघरात आण्णा एकटेच. त्यांनी हाती पावत्यांचं पुस्तक तरी काढून ठेवलंच होतं. मी डब्याचा प्लग काढला, दहापर्यंत मोजले, परत लावला. हिरवा दिवा. एक लुकलुक. मग थरथराट. मग पोर्टांचे दिवे, एकापाठोपाठ. घड्याळात पन्नास सेकंद. चाचणीची एक पावती काढली. आण्णांनी ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, निव्वळच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आज काय लिवलं न्हाई न्हवं त्येच्यात?"

"नाही आण्णा."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच," ते म्हणाले आणि पुस्तक कपाटात ठेवायला उठले.